एकोणीस पेले पाऊस

माझ्या वडिलांनी समुद्र कधी पाहिला नाही. पण जगातल्या कुठल्या समुद्रावर केवढं वादळ उठलं होतं, हे त्यांना आमच्या नातेवाइकांच्या नावांपेक्षा चांगलं पाठ होतं. आमचं घराणं माळ्याचं. आजोबा वांगी-भेंडी पाटीत घालून अकोल्याच्या बाजारात बसायचे, आणि त्यांचा हा एकुलता मुलगा शिकून हायस्कुलात विज्ञानाचा मास्तर झाला होता. बाबांची कापडी पुठ्ठ्याची एक जाड वही होती. तिच्यात त्यांनी जगभरच्या वादळांची कमाल टिपून ठेवली होती: सगळ्यात खाली उतरलेला पारा, सगळ्यात उंच चढलेलं समुद्राचं पाणी, एका दिवसात पडलेला सगळ्यात जास्त पाऊस. वर्तमानपत्रातून, शाळेच्या ग्रंथालयातून, कुठून कुठून ते हे गोळा करायचे. नवीन काही सापडलं की चेहरा असा व्हायचा, की माय विचारायची, "पगार वाढला का?"

शाळेच्या आवारामागे आम्हाला दोन खोल्या आणि मोठं अंगण मिळालं होतं, ते या नादामुळेच. हवामान खात्याची उपकरणं त्या अंगणात होती आणि रोज सकाळी आठ वाजता त्यांची नोंद करून तार पाठवायचं काम बाबांकडे होतं. पांढऱ्या जाळीच्या पेटीत तापमापक, आतल्या खोलीत भिंतीवर पाऱ्याची लांब नळी, आणि अंगणाच्या मधोमध पाऊस मोजायचं पात्र. माय त्याला पावसाचा डबा म्हणायची. डब्याच्या आजूबाजूला अमुक हात जागा मोकळी हवी, असा खात्याचा नियम होता. मायला तो मुळीच मान्य नव्हता. रिकामी जमीन तिला बघवत नसे. तिने अंबाडी, चवळी आणि मेथीचे वाफे नियमाच्या हद्दीपर्यंत आणून टेकवले होते आणि दर वर्षी एक ओळ हळूच पुढे सरकवायची. सकाळी चुलीवर भाकर थापल्याचा आवाज, विहिरीच्या रहाटाची करकर आणि बाबांचं "पारा इतका, वारा पूर्वेचा" असं मोठ्याने म्हणणं, हे तिन्ही मला अजून एकत्रच ऐकू येतात.

पाऊस मोजायला बाबांच्या मदतीला रहमानचाचा होते. ते शाळेचे शिपाई, पण मूळचे धान्याच्या बाजारातले मापारी. तीस वर्षं त्यांनी पायलीने ज्वारी-तूर मोजली होती. गुडघे गेले तेव्हा बाजार सोडून शाळेत आले. मोजायला बसले की पहिल्या मापाला ते 'एक' म्हणत नसत, 'बरकत' म्हणत, आणि मग दोन, तीन, चार. दर मापाला एक चिंचोका बाजूला मांडायचा, ही त्यांची बाजारातली सवय. डब्यातलं पाणी काचेच्या पेल्याने मोजायचं असे. पेल्यावर बारीक आकडे होते आणि वर भरायची रेघ होती. चाचांनी रेघेपर्यंत पेला भरायचा, मी खाली बसून, डोळा रेघेच्या बरोबरीला आणून 'हो' म्हणायचं, मग त्यांनी पाणी फेकायचं, चिंचोका मांडायचा आणि मी खात्याच्या नोंदवहीत एक रेघ मारायची. भरायला एक, बघायला एक, अशी खात्याची शिस्त होती. एरवी एखाददुसरा पेला निघायचा. चार-पाच निघाले तर आम्ही त्याला मोठा पाऊस म्हणायचो. तरी चाचा चिंचोका मांडल्याशिवाय राहत नसत.

रात्रीच्या जेवणाला बाबा वही घेऊन बसत. कढीगोळ्यांचा दिवस असला की माय वाढता वाढता ऐकायची आणि चाचा ओसरीवर पान जुळवत बसलेले असायचे.

"ऐक वं शांते," बाबा मला म्हणायचे, "ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर एका वादळात समुद्र इतका चढला, का मासे कड्यावर जाऊन पडले. कड्यावर!"

"मंग त्या माशाइचं काय केलं?" माय विचारायची.

बाबांना ते ठाऊक नसे, म्हणून ते पान उलटत. बंगालात बाकरगंजला पाण्याची भिंत उठून गावंच्या गावं गेली ते, किंवा फिलिपाईन्सजवळ एका डच आगबोटीने वादळाच्या पोटात शिरून पारा मोजला ते. त्याच फिलिपाईन्सच्या डोंगरातल्या बागियो नावाच्या गावी एका दिवस-रात्रीत शेहेचाळीस इंच पाऊस पडला, हे वाचताना बाबांचा आवाज जड व्हायचा. "आपल्या इथं सालभरात पडते त्याच्याहून जास्त!"

चाचांचा प्रश्न नेहमी एकच असे. "मापलं कोनं?"

"असंन कोनी. नाव नाई लिहिलं."

"त्याचा हात पक्का असंन, मास्तर. नाई त एवढं मापताना मानूस घाबरून जाते."

"अन् सारं जग त्या एका मानसाच्या शब्दावर भरोसा ठेवून हाय," बाबा म्हणायचे, आणि वहीच्या शेवटच्या पानावर बोट ठेवायचे. त्या पानावर त्यांनी 'वऱ्हाड' असं लिहून ठेवलं होतं आणि खाली काही नव्हतं. समुद्रापासून इतक्या लांब आम्ही, इथे काय होणार? बंगालच्या बाजूने आलेली वादळं आमच्यापर्यंत पोचेतो दमून नुसती झिमझिम करायची. तरी ते पान बाबांनी राखून ठेवलं होतं. अकोल्याचा एखादा आकडा छापील पुस्तकात यावा, एवढीच त्यांची हौस होती.

माझी हौस वेगळी होती. आदल्या साली हवामान खात्याकडून तपासणीला आलेल्या साहेबांनी नोंदवहीतलं माझं अक्षर पाहून म्हटलं होतं, "अशा अक्षराच्या मुली पुण्याला आमच्या कचेरीत आकडेमोडीला हव्यात." ते कदाचित चहा घेताना बोलायचं म्हणून बोलले असतील. पण मी सोळा वर्षांची होते, आणि तेव्हापासून मला घरातलं भांडं घासायचीही लाज वाटू लागली. माय म्हणायची, "पुन्याची बाई, जरा राख आना इकडं."

भादवा संपत आला होता. पोळा झाला, महालक्ष्म्या उठल्या, आणि अमरावतीहून आत्या आजारी असल्याचा निरोप आला. बाबांनी खात्याला रीतसर कळवलं, की चार दिवस नोंद माझी मुलगी घेईल, तिला सगळं येतं. जाताना त्यांनी मला काही समजावलं नाही. फक्त नोंदवही माझ्या हातात दिली, आणि मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी पारा उतरू लागला. तिसऱ्या सकाळी तो इतका खाली होता, की मी नळीला टिचकी मारून पुन्हा पाहिला. मग पाऊस सुरू झाला आणि पुरा दिवस आणि पुढची पुरी रात्र तो सारखा, एकाच आवाजात पडला. पत्र्यावरच्या आवाजाने आम्हाला एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. मायच्या वाफ्यांत मेथी राहिली नाही, अंबाडी तेवढी वाकून पडली होती.

सकाळी आठच्या आधी चाचा पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून आले. डब्यातली बाटली केव्हाच भरून वाहिली होती आणि बाहेरच्या मोठ्या पात्रात पाणी चढलं होतं. दोघांनी मिळून ते जपून ओसरीवर आणलं. एक थेंब सांडू दिला नाही. चाचा बसले. "बरकत," ते म्हणाले आणि पहिला पेला भरला. मी डोळा लावला, हो म्हटलं, रेघ मारली. दोन झाले, तीन झाले. तेवढ्यात रस्त्यावरून आरडाओरड करत माणसं पळाली. मोर्णा नदीचं पाणी पुलावरून चाललं होतं.

"चाचा, तुमी भरा. मी आलीच."

"बेटी, दोघायनं पाहा लागते. साहेबाचा हुकूम हाय."

"तुमचा हात कधी चुकला हाय का?" मी म्हटलं.

म्हातारा खूष झाला. "जा. पन लवकर ये," म्हणाला.

मी किती वेळ काठावर उभी होते मला सांगता येणार नाही. मातकट पाणी, त्यात कडब्याच्या पेंढ्या, एक आख्खं छप्पर आणि त्याच्या आढ्यावर बसलेली मांजर. ते छप्पर दिसेनासं होईपर्यंत मी जागची हलले नाही. परत आले तेव्हा ओसरीच्या कडेला चिंचोक्यांची सरळ ओळ होती. एकोणीस. चाचांच्या पुढ्यात विसावा पेला तसाच ठेवलेला होता.

"हा भरला नाई, बेटी. हा तू वाच. मले आकडे येत नाईत."

मी तो वाचला. अर्ध्याला थोडा कमी होता. मग नोंदवहीत माझ्या तीन रेघांपुढे सोळा रेघा एका दमात ओढल्या, हिशेब केला, तारेचा मजकूर लिहिला. एवढा आकडा त्या वहीत कधी लिहिला गेला नव्हता, आणि तो माझ्या अक्षरात होता.

गाड्या सुरू झाल्यावर बाबा आले. अंगातला ओला कोट न काढता त्यांनी नोंदवही उघडली, तीनदा आकडा वाचला, आणि रहमानचाचांचे दोन्ही हात धरले. मायने शेजारीपाजारी गूळ वाटला. संध्याकाळी बाबांनी आपल्या वहीचं शेवटचं पान काढलं आणि 'वऱ्हाड'खाली आकडा लिहिला. पेन्सिलीने. खात्याकडून पक्कं झालं की शाईने गिरवू, असं म्हणाले.

खात्याला तो आकडा पटला नाही. आजूबाजूच्या गावांत पुष्कळ पाऊस झाला होता, पण इतका नव्हता. पंधरा दिवसांनी तेच मागचे साहेब आले. खुर्चीवर बसून त्यांनी डबा पाहिला, पेला पाहिला, मग नोंदवही मांडीवर घेतली. बाबा त्यांच्या मागे उभे होते. चाचा ओसरीच्या पायरीशी.

"या रेघा तू स्वतः मारल्यास?"

"हो."

"प्रत्येक पेल्याला एक?"

"हो."

"पहिल्या तीन ठळक आहेत. पुढच्या सगळ्या एका हातात ओढल्यासारख्या दिसतात." ते रागावले नव्हते. "आकडा फार मोठा आहे, मुली. मोजताना तुझं लक्ष चुकलं असेल तर सांग. कोणी काही म्हणणार नाही."

खरोखरच कोणी काही म्हटलं नसतं. ही गोष्ट मी आयुष्यभर स्वतःला सांगत आले आहे. मी म्हणायला हवं होतं, की मी पुराकडे गेले होते, पण मोजणारा माणूस तीस वर्षांचा मापारी आहे, आकडा खरा आहे. माझी जरा नाचक्की झाली असती, बस. चाचांनीही ते सांगितलं असतं तर विषय संपला असता. पण ते माझ्याकडे बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, "साहेब, माप बराबर हाय."

मला पुण्याची कचेरी दिसत होती. मी म्हटलं, "मोजणं बरोबर आहे. पण चाचांना डोळ्यांनी कमी दिसतं. पेला रेघेपर्यंत भरत नसतील, म्हणून पेले जास्त निघाले."

"आणि तू बघत नव्हतीस?"

"मी रेघा मारत होते."

चाचांनी सदऱ्याच्या खिशातून चिंचोके काढले होते. ते त्यांनी तोवर जपून ठेवले होते. उघडा तळहात तसाच राहिला. पेला अपुरा भरला म्हटल्यावर किती पेले भरले याला काही अर्थ उरला नव्हता. मापाऱ्याला माप कमी भरतो म्हणणं म्हणजे काय, हे आमच्या घरात, भाजी विकणाऱ्याच्या नातीला, ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांनी मूठ मिटली.

"मास्तर," ते बाबांना म्हणाले, "मी तीस साल मापारी होतो."

बाबांनी मला विचारलं, "शांते, खरं हाय हे?" मी हो म्हटलं, आणि त्यांनी ते खरं धरलं.

साहेबांनी लाल शाईने आकडा खोडला आणि शेजारी 'संशयास्पद' असं लिहिलं. शिपायाने यापुढे उपकरणांना हात लावू नये, असा शेरा मारला, आणि मुलगी काळजीपूर्वक काम करते, असाही. दुसऱ्या दिवशी चाचा आले नाहीत. शाळेच्या किल्ल्या त्यांनी हेडमास्तरांच्या घरी पोचत्या केल्या होत्या. बाबांनी शेवटच्या पानावरचा आकडा रबराने खोडला. तिरपं धरलं की पेन्सिलीचा दाब कागदावर दिसायचा, म्हणून मी ते पान कधी बघत नसे. रात्री वही काढून बसणं बाबांनी सोडलं. कढीगोळे व्हायचे, पण जेवताना कोणी वादळांविषयी बोलायचं नाही. मायने एकदाच विचारलं, "रहमानभाईचे डोये खरंच खराब व्हते का वं?" मी ताट उचललं.

पुण्याला मी कधी गेले नाही. ते काही प्रायश्चित्त नव्हतं. साहेबांनी पुन्हा तो विषय काढला नाही एवढंच. मी अमरावतीला आत्याकडे राहून मास्तरीण व्हायचं शिक्षण घेऊ लागले. तीन वर्षांनी सुट्टीत अकोल्याला आले असताना, कसा धीर झाला कोण जाणे, किल्ल्याकडच्या वस्तीत चाचांचं घर शोधत गेले. मायने डब्यात भाकर-ठेचा दिला होता. मी कशाला जातेय हे तिने विचारलं नाही.

"कोन, शांता? ये, ये बेटी." चाचांनी मला दारातूनच ओळखलं. डोळ्यांनी त्यांना व्यवस्थित दिसत होतं. खाटेवर जागा करून दिली, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. मी चहा यायच्या आधीच रडायला लागले.

"चाचा, त्या दिवशी मी खोटं बोलली."

"मालूम हाय."

"मंग तुमी काहून नाई सांगतलं साहेबाले? मी नव्हती तिथं, म्हनून?"

"तू मास्तरची पोरगी," चाचा म्हणाले. "मले वाटलं, तू बोलशीन. मी वाट पाहून राह्यलो होतो."

मग त्यांनी मला त्यांच्या मुलाचं, युसूफचं सांगितलं. तो आता बाजारात मापारी होता. बापाचं माप साहेबाने खोटं ठरवलं, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं आणि लोक हसत हसत ते काढायचे. "युसूफ मले काई म्हनत नाई. पन त्याची पायली भरली का वरून एक मूठ जास्त टाकते तो. कोनं बोट दाखवू नये म्हनून. बेपारी आता त्याले बोलावून नाई राह्यले. दाना जास्त जाते म्हनतात." मग म्हणाले, "लिहून दे बेटी. तुझं अक्षर सुंदर हाय. मले वाचता येत नाई, पन युसूफले येते."

सुनेने कागद आणि टाक आणून दिला. मी लिहिलं, की त्या पुराच्या सकाळी पात्रातलं पाणी रहमान मापारी यांनी माझ्या डोळ्यांसमोर मोजलं. एकोणीस पेले, प्रत्येक रेघेपर्यंत भरलेला. त्यांच्या मापात चूक नव्हती. इथवर लिहिलं आणि टाक थांबला. पुढचं वाक्य काय असायला हवं ते मला स्पष्ट माहीत होतं. पण युसूफ हा कागद बाजारात दाखवणार, बाजार तो गावभर करणार, बाबा त्याच गावात मास्तर, आणि मी उद्याची मास्तरीण. मी खाली सही केली.

"सगळं लिहिलं नं बेटी?"

"हो चाचा. सगळं."

त्यांनी कागदाची घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली, आणि मी डबा तिथेच विसरून निघाले. पुन्हा कधी गेले नाही. डबाही आणला नाही.

आता अमरावतीच्या या घरात टीव्हीवर कधी वादळाची बातमी लागते. समुद्रावर पांढरं भिरभिरं फिरताना दाखवतात आणि निवेदिका सांगते, की आजवरचा विक्रम मोडला. नातसुनेला वाटतं आजीला भीती वाटते, म्हणून ती आवाज कमी करते. मला त्या वेळी फक्त एकच दिसतं: त्या संध्याकाळी युसूफ बाजारातून आला असेल, त्याने बापाला तो कागद वाचून दाखवला असेल आणि 'मापात चूक नव्हती' इथे येऊन तो थांबला असेल. चाचांनी विचारलं असेल, "आन् पुढं?" पुढे माझं नाव होतं, नुसतं.

पुढचं असं होतं, चाचा. तीन पेले मी पाहिले. सोळा पाहिले नाहीत, मी मोर्णेच्या काठावर होते. तुमचे डोळे चांगले होते. पेले भरलेले होते. साहेबांपुढे मी खोटं बोलले, आणि तुमच्या खाटेवर बसून तुम्हाला वाचता येत नाही म्हणून पुन्हा एकदा बोलले.